विवाहसंकेतस्थळाची सशुल्क सदस्यता: फिर्याद द्यायची वेळ आली तर ती किती कामाची?

एका मोठ्या विवाहसंकेतस्थळाची सशुल्क सदस्यता आम्ही आमच्या पुतणीसाठी घेतली होती आणि तिची मुदत नुकतीच संपली. स्थळे किती आली, पत्रिका जुळवण्याची सोय कशी आहे, अॅप किती वेगाने उघडते, या गोष्टींवर लिहिलेली परीक्षणे भरपूर उपलब्ध असल्याने मी त्यांत भर घालणार नाही. या सेवेचे मोल मी एकाच निकषावर ठरवणार आहे. स्थळ बनावट निघाले, पैसे गेले आणि पोलिसांत फिर्याद देण्याची वेळ आली, तर ज्या संस्थेने शुल्क घेतले ती सदस्याच्या नेमकी किती उपयोगी पडते, एवढेच मला पाहायचे आहे. आमची तक्रार अजून प्रलंबित असल्यामुळे संस्थेचे नाव लिहीत नाही. शिवाय या क्षेत्रातील इतर संस्थांच्या अटी मी वाचून पाहिल्या असता त्यांतील मुख्य कलमे जवळपास सारखीच आढळली.

नोंदणीची प्रक्रिया सोपी आहे आणि अडचणीचे मूळही तिथेच आहे. मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की एक खूण मिळते, ओळखपत्राचे छायाचित्र चढवले की दुसरी, आणि सेल्फी दिली की तिसरी. स्थळ पाहणाऱ्याला मात्र या सर्वांचा मिळून ‘व्हेरिफाइड’ असा एकच हिरवा शिक्का ठळकपणे दिसतो. त्यामागे नेमके काय तपासले आहे, हे पाहण्यासाठी आणखी दोन ठिकाणी बोट लावावे लागते. शिक्षण, नोकरी, वार्षिक उत्पन्न, वैवाहिक स्थिती या लग्न ठरवताना खरोखर महत्त्वाच्या असलेल्या बाबी सदस्याने स्वतः लिहिलेल्या असतात आणि त्यांची तपासणी होत नाही. तसे अटींमध्ये लिहिलेले आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु सशुल्क योजनेत जो ‘रिलेशनशिप मॅनेजर’ नेमून दिला जातो, तो दूरध्वनीवर अटींची भाषा बोलत नाही. “सर, प्रोफाइल व्हेरिफाइड आहे, तुम्ही निर्धास्त राहा,” हे त्याचे वाक्य होते आणि ज्या स्थळाबद्दल तो बोलत होता ते स्थळही त्यानेच सुचवलेले होते.

पुढे घडले ते अनेकांनी वर्तमानपत्रात वाचले असेल तसेच आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. परदेशात नोकरी करणारा अभियंता, काही आठवडे सभ्य बोलणे, मग भेटवस्तूंचे पार्सल, आणि शेवटी विमानतळावरील सीमाशुल्क अधिकारी असल्याचे सांगणाऱ्या बाईचा फोन. पार्सल सोडवण्यासाठी पैसे भरायचे होते ते एका खासगी व्यक्तीच्या बचत खात्यात. सीमाशुल्क विभाग कोणाच्याही वैयक्तिक खात्यात शुल्क भरायला सांगत नाही, हे एरवी कोणालाही सुचेल. पण लग्नाची बोलणी सुरू असताना माणूस हिशेबनीस राहत नाही, आणि या टोळ्यांचे सारे भांडवल तेच असते.

संकेतस्थळाचा खरा कस यानंतर लागला. पुतणीने त्या स्थळाखालील ‘तक्रार करा’ हे बटण दाबले. थोड्याच वेळात स्थळ हटवले गेले, आभार मानणारा संदेश आला, आणि त्या स्थळाबरोबर तिच्या खात्यातील संपूर्ण संभाषणही नाहीसे झाले. संस्थेच्या दृष्टीने ही तत्परता ठरते, तर फिर्याद देणाऱ्याच्या दृष्टीने तो पुरावा हातातून जाण्याचा प्रकार आहे. सुदैवाने तिने स्थळाचा क्रमांक, छायाचित्रे आणि बोलण्याची पाने आधीच जपून ठेवली होती. ज्यांनी ठेवली नसतील त्यांनी काय करायचे, हे संकेतस्थळावर कोठेही लिहिलेले नाही.

वास्तविक ती माहिती लगेच नष्ट होत नाही आणि होऊही नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील २०२१च्या नियमांनुसार हटवलेला मजकूर आणि त्यासंबंधीच्या नोंदी तपासासाठी १८० दिवस जतन करणे मध्यस्थ संस्थेवर, म्हणजे इतरांनी टाकलेला मजकूर दाखवणाऱ्या अशा संकेतस्थळावर, बंधनकारक आहे; खाते बंद झाल्यानंतर नोंदणीच्या वेळी घेतलेली माहितीही तितकेच दिवस ठेवावी लागते, आणि अधिकृत तपास यंत्रणेने लेखी मागणी केल्यास ७२ तासांच्या आत ती द्यावी लागते. त्याआधी जून २०१६मध्ये केंद्र सरकारने खास विवाहसंकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. सदस्यांची ओळख पडताळणे, आयपी पत्त्यांची नोंद ठेवणे, ठगांपासून सावध राहण्याचा इशारा देणे, तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क जाहीर करणे आणि हे संकेतस्थळ केवळ विवाहासाठी आहे असे स्पष्ट करणे, या अपेक्षा त्यांत होत्या. आमच्या संस्थेने इशारा छापला आहे आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नावही दिले आहे. मात्र ते गोपनीयता धोरणाच्या लांबलचक पानाच्या अगदी तळाशी, शोधणाऱ्यालाच सापडेल अशा बेताने दिलेले आहे. त्या अधिकाऱ्याला ईमेल पाठवून, नियमांचा उल्लेख करून, ‘या स्थळाची सर्व माहिती जतन करावी’ अशी लेखी मागणी आम्ही केली. उत्तर आले ते सभ्य होते आणि उपयोगाचेही होते: माहिती जतन केली आहे, परंतु ती पोलिसांच्या पत्राशिवाय देता येणार नाही. या बाबतीत मी संस्थेला दोष देत नाही, कारण मागेल त्याला दुसऱ्या सदस्याची माहिती देणारे संकेतस्थळ अधिक धोकादायक ठरेल. दोष एवढाच की हा मार्ग सदस्याला सांगितला जात नाही, आणि १८० दिवसांची मुदत मात्र त्याच्या नकळत चालू झालेली असते.

पैशांच्या बाबतीत संकेतस्थळाचा काहीही उपयोग होत नाही. तेथे उपयोग होतो तो १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकाचा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलचा. तक्रार जितकी लवकर नोंदवली जाईल तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. व्यवहार क्रमांक, वेळ आणि ज्या खात्यात रक्कम गेली त्याचा तपशील हाताशी ठेवूनच फोन करावा. आमच्या रकमेचा काही भाग अशा रीतीने अडवला गेला. गोठवलेली रक्कम आपोआप परत येत नाही. त्यासाठी बहुधा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून आदेश मिळवावा लागतो, ही गोष्ट मात्र मदत क्रमांकावर कोणी सांगितली नाही.

आता फिर्यादीविषयी. जिल्हा न्यायालयाच्या कार्यालयात आयुष्यभर नोकरी केल्यामुळे हा भाग मला परका नव्हता, तरीही कायदे बदलल्यामुळे तो नव्याने वाचावा लागला. १ जुलै २०२४पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू होते, त्यापूर्वीच्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिता. ज्याला लोक अजूनही ‘चारशेवीस’ म्हणतात, ती ठकवणूक करून मालमत्ता द्यायला लावण्याची तरतूद आता कलम ३१८च्या पोटकलम ४मध्ये आहे आणि तिला सात वर्षांपर्यंत कैद व दंड अशी शिक्षा आहे. दुसऱ्याचे सोंग घेऊन केलेली ठकवणूक, म्हणजे तोतयेगिरी, कलम ३१९मध्ये येते. तिची कमाल शिक्षा पूर्वी तीन वर्षे होती, ती आता पाच वर्षे झाली आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-ड हे संगणकीय साधनाने केलेल्या तोतयेगिरीसाठी आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या अधिनियमाखालील गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असल्याने लहान ठाण्यांत ‘साहेब आल्यावर या’ असे सांगितले जाते, त्यामागे कधी कधी हेही कारण असते.

‘हद्द आमची नाही’ हे उत्तर मात्र कोणीही ऐकून घेऊ नये. फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची खबर, तो कोठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते आणि ती शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे वर्ग करता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने खबर दिल्यास तीन दिवसांत जाऊन स्वाक्षरी करावी लागते. खटल्याच्या बाबतीत कलम २०२ त्याहून सोयीचे आहे: फसवणूक इलेक्ट्रॉनिक संदेशांद्वारे झाली असेल, तर ते संदेश जेथून पाठवले गेले किंवा जेथे मिळाले, त्यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायालयात खटला चालू शकतो. ठग कोठे बसलेला आहे हे माहीत नसणाऱ्या कुटुंबासाठी ही तरतूद फार मोलाची आहे. ठाण्याने नोंद घेण्यास नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज आणि त्यानंतर दंडाधिकारी, असा क्रम आहे.

आमच्या बाबतीत आणखी एक अडचण आली. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३मध्ये दखलपात्र गुन्हा दिसत असल्यास तो नोंदवणे बंधनकारक ठरवले, पण वैवाहिक आणि कौटुंबिक वादांत आधी प्राथमिक चौकशी करण्यास मुभा दिली. ठाण्यातील अंमलदारांनी ‘विवाहसंकेतस्थळ’ हा शब्द ऐकताच आमचे प्रकरण वैवाहिक वादात बसवण्याचा प्रयत्न केला. ज्याच्याशी लग्न झाले नाही, साखरपुडा झाला नाही, जो माणूस अस्तित्वात आहे की नाही हेही ठाऊक नाही, त्याच्याशी वैवाहिक वाद कसला, असे विचारल्यावर फिर्याद लिहून घेतली गेली. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी.

या निमित्ताने शेजारीपाजारी आणि नातेवाइकांकडून जे ऐकायला मिळाले त्यावरून असे वाटते की प्रत्येक मोडलेली बोलणी ‘चारशेवीस’ आहे असा समज फार पसरलेला आहे. तसे नाही. ठकवणुकीसाठी सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू असावा लागतो, आणि नंतर मन बदलणे, घरच्यांनी नकार देणे किंवा पत्रिका न जुळणे याने तो हेतू सिद्ध होत नाही. पगार थोडा फुगवून लिहिणाऱ्याला न्यायालय बहुधा तुरुंगात पाठवणार नाही. याच्या उलट, पैसे गेले नाहीत म्हणजे गुन्हाच नाही, हाही गैरसमज आहे. कलम ३१८च्या व्याख्येत वस्तुस्थिती अप्रामाणिकपणे दडवणे हीसुद्धा फसगत मानली आहे, आणि फसवून एखाद्याला अशी कृती करायला लावणे की जिच्यामुळे त्याच्या शरीराला, मनाला, लौकिकाला किंवा मालमत्तेला हानी पोहोचेल, हेही तिच्यात येते. आधीचे लग्न लपवून दुसरे लग्न केले असेल तर न्याय संहितेचेच कलम ८२ स्वतंत्रपणे लागू होते आणि त्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. लग्नाचे खोटे वचन देऊन किंवा ओळख दडवून लग्न करून ठेवलेल्या शरीरसंबंधांसाठी कलम ६९ नव्याने आले असून त्याचीही कमाल शिक्षा दहा वर्षे आहे. लग्न झाल्यानंतर महत्त्वाच्या गोष्टीबाबत फसवणूक उघड झाली, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२खाली विवाह रद्द करून घेता येतो, परंतु फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. हे दिवाणी स्वरूपाचे काम आहे आणि ते फिर्यादीच्या भरवशावर थांबवून ठेवू नये.

पुराव्याबद्दल एक सूचना आवर्जून करतो. पडद्याची छायाचित्रे छापून फिर्यादीला जोडणे पुरेसे नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा एक भाग साधन वापरणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात त्या फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसाही, लिहायचा असतो. जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये जुन्या कायद्याखाली अशा प्रमाणपत्राची आवश्यकता ठामपणे सांगितली, पण मूळ साधनच न्यायालयात हजर केले तर त्याची गरज नसल्याचेही स्पष्ट केले. म्हणून ज्या मोबाइलवर बोलणे झाले तो विकू नये, त्यातील संभाषण पुसू नये आणि तो ‘फॉरमॅट’ही करू नये.

आता सर्वांत वादाचा प्रश्न: फिर्यादीत संकेतस्थळाला आरोपी करावे काय? अनेक जण रागाच्या भरात संस्थेच्या संचालकांची नावे घालतात आणि ती नावे बहुधा टिकत नाहीत. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ७९ हे इतरांनी टाकलेल्या माहितीबद्दल मध्यस्थाला संरक्षण देते, जर त्याने योग्य ती दक्षता घेतली असेल आणि गुन्ह्यात त्याचा सहभाग नसेल. सर्वोच्च न्यायालयाच्या श्रेया सिंघल निकालाने २०१५मध्ये या कलमाचा अर्थ मध्यस्थाला आणखी अनुकूल केला. शिवाय कंपनीने गुन्हा केला म्हणून संचालक आपोआप आरोपी होत नाही, असा न्यायालयांचा पक्का दृष्टिकोन आहे. त्याची स्वतःची भूमिका आणि हेतू दाखवावा लागतो. त्यामुळे आम्ही संस्थेला आरोपी केले नाही, साक्षीदार म्हणून तिच्याकडून कागदपत्रे मागवण्याची विनंती तपास अधिकाऱ्यांना केली.

तरीही या संरक्षणाची सीमा कोठे संपते, याबद्दल माझे मत वेगळे आहे. कलम ७९ ज्या मध्यस्थाची कल्पना करते, तो संदेश कोणाला जावा हे ठरवत नाही आणि मजकुरात हात घालत नाही. जेव्हा संस्थेचा पगारी माणूस जास्तीचे शुल्क घेऊन स्वतः स्थळ निवडतो, त्याची शिफारस करतो आणि ‘निर्धास्त राहा’ असे सांगतो, तेव्हा ती केवळ फलक लावण्यासाठी जागा देणारी संस्था राहत नाही. ‘व्हेरिफाइड’ हा शिक्कासुद्धा सदस्याचे विधान नाही, तो संस्थेचा स्वतःचा शब्द आहे. यातून फौजदारी हेतू सिद्ध होईल असे मी म्हणत नाही. पण सेवेतील त्रुटी मात्र निश्चित होते, असे मला वाटते.

म्हणूनच संस्थेविरुद्धची आमची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगात दाद मागता येते, त्यामुळे वाद दूरच्या शहरातच चालेल असे संस्थेच्या अटींत लिहिलेले असले तरी ते आड येत नाही. लवादाचे कलमही अडथळा ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ‘एवढे पैसे भरले आणि एकही धड स्थळ आले नाही’ या प्रकारच्या तक्रारींचीही योग्य जागा हीच आहे. त्यांच्यासाठी पोलिसांत जाणाऱ्यांची पायपीट मी नोकरीत बरीच पाहिली.

याला अपवाद म्हणजे मुळातच बनावट असलेली संकेतस्थळे: नावापुरते पान, कोठून तरी उचललेली मुलींची छायाचित्रे, आणि कॉल सेंटरमधील मुलींनी ‘वधू’ म्हणून बोलून नोंदणी शुल्क उकळणे. तेथे संकेतस्थळ चालवणाराच ठग असतो, कलम ७९चा आधार त्याला मिळत नाही, आणि फिर्याद थेट त्याच्याविरुद्धच द्यायची असते.

आमच्या संस्थेचे हे रूप नाही, हे न्यायाने सांगायला हवे. मोबाइल क्रमांक संमतीशिवाय दिसत नाही, छायाचित्रांना कुलूप लावता येते, संभाषणात पैशांचा उल्लेख येताच इशारा झळकतो, आणि पोलिसांच्या पत्राला संस्थेने वेळेत उत्तर दिले, असे तपास अधिकाऱ्यांनी सांगितले. स्थळे शोधण्यासाठी मी या सेवेला पाचपैकी साडेतीन गुण देईन. फसवणुकीच्या तक्रारीनंतरच्या वागणुकीला दोनपेक्षा अधिक देता येत नाहीत, आणि सशुल्क योजनेतील शिफारशीच्या सेवेला एकही नाही. तक्रार केल्यावर संभाषणाची प्रत सदस्याला आपोआप ईमेलने पाठवणे, १९३० हा क्रमांक त्याच पडद्यावर दाखवणे आणि शिक्क्यावर ‘फक्त मोबाइल तपासला’ असे स्पष्ट लिहिणे, या सुधारणांना खर्च जवळजवळ नाही. त्या झाल्या नाहीत तोवर पुतणीचे खाते विनाशुल्क योजनेवरच राहील आणि आलेल्या स्थळाची चौकशी आम्ही पूर्वीप्रमाणे त्याच्या गावी जाऊन करू.